‘पण ते कपडे आहेत कुठं?’ : गेममधला स्पिन आणि आपला मेंदू

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. ट्रॉम्बे कोळीवाड्यातल्या माझ्या एक जुन्या पेशंट ब्लडप्रेशर दाखवायला आल्या. मशीनवर 170/100. गोळ्या चालू आहेत का विचारलं, तर मान खाली. महिनाभर त्या एक दिवसाआड गोळी घेत होत्या, कारण घरात पैसे कमी पडत होते, आणि ते का कमी पडतात हे त्यांना कळत नव्हतं. मासळीच्या पाटीशेजारी लावलेल्या क्यूआर कोडवर पैसे रोज जमा होत होते, पण खात्यात राहत नव्हते. जाळ्यासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतून 38,000 रुपये गेले होते. आधी नवऱ्यावर संशय, मग दिरावर. दिराशी बोलणंच बंद झालं.

पैसे नेले होते पंधरा वर्षांच्या मुलानं. आईच्या फोनवर यूपीआय त्यानंच चालू करून दिलं होतं, पिनही त्यानंच ठरवला होता. मे महिन्याच्या सुट्टीपासून कधी 80 रुपये, कधी 240, कधी 400. बँकेचे मेसेज इंग्रजीत, त्यामुळे आईनं ते कधी वाचलेच नाहीत. हे पैसे गेले एका गेममधल्या गोल फिरणाऱ्या चक्रावर. त्यातून मिळतं काय? आपल्या खेळाडूच्या अंगावर घालायचं जाकीट, बंदुकीचा रंग, नाचायची एखादी स्टाईल. त्यानं खेळ सोपा होत नाही. फक्त दिसायला भारी.

आई मला म्हणाल्या, ‘डॉक्टर, एवढ्या पैशांचे कपडे घेतले म्हणतो. पण ते कपडे आहेत कुठं?’

मला हसू आलं आणि मग रागही आला. मुलाला आत बोलावून आईसमोरच मी झापलं. जाळ्याचे पैसे, काकावर आलेला आळ, आईचं प्रेशर, सगळं ऐकवलं. तो काही बोलला नाही. त्या रात्री तो घरी गेलाच नाही. पहाटे जेट्टीजवळ एका होडीत झोपलेला सापडला.

ऑगस्ट 2021 मध्ये जोगेश्वरीच्या एका सोळा वर्षांच्या मुलाची बातमी तुम्ही वाचली असेल. गेमवर आईच्या खात्यातले 10 लाख रुपये खर्च झाले, घरात रागावले, आणि तो घर सोडून निघून गेला. पोलिसांना तो अंधेरीत महाकाली लेण्यांच्या परिसरात सापडला. ही बातमी मला माहीत होती, तरी मी तेच केलं. म्हणून पहिली विनंती ही: पैसे गेल्याचं कळेल तो दिवस मुलाला झापायचा नाही. त्या दिवशी त्याला जेवायला घालायचं, त्याच्याजवळ झोपायचं. हिशेब दोन दिवसांनी.

नंतर मी ठरवलं की हे प्रकरण स्वतः करून बघायचं. तसाच एक गेम डाउनलोड केला आणि 500 रुपयांची मर्यादा घातली.

माझ्या चक्रावर आठ वस्तू होत्या, त्यात एक ‘मोठी’. एकदा मिळालेली वस्तू पुन्हा येत नव्हती, म्हणजे शेवटपर्यंत गेलं तर मोठी मिळणारच. पहिला स्पिन 9 नाण्यांचा. पुढचे 19, 39, 69, 99, 149, 199 आणि शेवटचा 499. बेरीज करा: पहिल्या पाचांना मिळून 235 आणि शेवटच्या तिघांना 847. पाचव्या स्पिनपर्यंत आपण ‘थोडंच तर गेलंय’ म्हणतो, आणि सहाव्यापासून ‘आता इतकं गेलंय तर सोडायचं कसं’. दुकानदार पैसे रुपयांत घेतो, पण खर्च नाण्यांत दाखवतो. शिवाय नाण्यांचे गठ्ठे असे की दरवेळी थोडी उरतातच, आणि उरलेली नाणी हात खाजवत ठेवतात.

दुसऱ्या प्रकारच्या चक्रात कशाचीच हमी नसते. समजा मोठ्या वस्तूची शक्यता 1 टक्का आहे. बहुतेकांना वाटतं की शंभर स्पिन केले की ती एकदा मिळेलच. तसं होत नाही. शंभर स्पिन करणाऱ्या शंभर जणांपैकी सुमारे 37 जण रिकाम्या हातानं राहतात. ‘इतक्या वेळा नाही आलं, आता येणारच’ हे चक्राला माहीत नसतं. त्याला मागचं काही आठवत नाही.

मग मेंदू अडकतो कुठं? वुल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञानं माकडांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. फळाचा रस मिळाला की मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी जाग्या व्हायच्या. पण रसाआधी ठरावीक खूण दाखवायला सुरुवात केल्यावर काही दिवसांत त्या पेशी रसाला नव्हे, खुणेला जाग्या व्हायला लागल्या. आणि रस मिळेल की नाही हे अर्धं-अर्धं असलं, तर वाट बघण्याच्या काळात त्यांची हालचाल सर्वात जास्त. म्हणजे मजा जाकिटात नसते, सुई फिरत असते त्या चार सेकंदांत असते. म्हणून जाकीट मिळालेला मुलगा तृप्त होत नाही.

सुई मोठ्या वस्तूच्या अगदी शेजारी थांबते ना, त्याचाही अभ्यास झालाय. ‘थोडक्यात हुकलं’ हे लोकांना आवडत नाही, पण पुन्हा खेळायची इच्छा त्यानं वाढते. आपण कॅरममध्ये थोडक्यात हुकलो तर पुढच्या वेळी नेम सुधारतो. इथं नेमाचा प्रश्नच नाही. काय मिळणार हे बटण दाबताच ठरलेलं असतं, फिरणं नुसतं दाखवायला.

मुंबईला हे नवीन नाही म्हणा. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर आकडा लावण्यापासून सुरू झालेला मटका आपल्या आजोबांच्या पिढीनं पाहिलाय. फरक इतकाच की मटका लागला तर रोख मिळायची, म्हणून त्याला जुगार म्हणत. इथं जिंकलेलं विकता येत नाही, त्यामुळे कायद्याच्या व्याख्येत ते सरळ बसत नाही. 2025 मध्ये संसदेनं पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. जाकिटाचा स्पिन हा वेगळा विषय. बेल्जियमनं मात्र 2018 मध्येच पैसे देऊन उघडायच्या अशा पेट्यांना जुगार ठरवलं. मला विचाराल तर मेंदूच्या दृष्टीनं दोन्ही एकच.

आता माझा हिशेब. दुसऱ्या चक्रावर, रात्री दीड वाजता, माझे 1,760 रुपये गेले होते. त्याहून वाईट म्हणजे बँकेचा मेसेज मी डिलीट केला, बायकोला दिसू नये म्हणून. वय 52. डॉक्टर.

हे मी त्या मुलाला सांगितलं, आई बाहेर बसली असताना. पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाला, ‘सर, शेवटच्या दोनला कोणी थांबतं का? तिथं थांबायचंच नसतं.’ मग अर्धा तास तो बोलत होता. शाळेतल्या ग्रुपमध्ये साध्या कपड्यांत खेळणाऱ्याला चिडवतात, हे मला तेव्हा कळलं.

आम्ही काय केलं ते सांगतो. यूपीआयचा पिन आईनं बदलला, आणि छोट्या रकमा पिनशिवाय जाण्याची सोय बंद केली. फोनच्या ॲप स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावला. तिथं पैसे परत मागायचा अर्जही असतो, पण तो लगेच करावा लागतो. आम्हाला उशीर झाला होता. गेम काढून टाकला नाही. खेळायचं, पण फुकटात आणि ठरलेल्या वेळेत. दिराला घरी बोलावून सगळं सांगायचं काम मुलानं स्वतः केलं. ते सर्वात अवघड होतं.

प्रत्येक खेळणारं मूल आजारी नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ 1 जानेवारी 2022 पासून लागू आहे, पण त्यासाठी खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा गेम मोठा होणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं हे साधारण वर्षभर दिसावं लागतं. पण झोप उडाली असेल, मूल खोटं बोलून पैसे घेत असेल, किंवा ‘जगून काय करू’ असं काही बोललं असेल, तर वर्ष मोजत बसू नका. टेली-मानसचा 14416 हा नंबर फुकट आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं. आपल्या भागातून सायन हॉस्पिटलचा मानसोपचार विभागही दूर नाही.

आईचं प्रेशर गेल्या वेळी 138/86 होतं. मुलगा सोबत आला होता. मधे एकदा 40 रुपयांचा स्पिन केला, हे त्यानंच सांगितलं. मी डायरीत तारीख लिहिली, दुसरं काही बोललो नाही. निघताना आईनं पुन्हा तोच प्रश्न विचारला, या वेळी हसत. त्यानं फोन काढून दाखवलं: काळं जाकीट, पाठीवर आगीचे पंख. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, ‘शिवलंय चांगलं.’