नदीपलीकडचा गणपति

पूल ही वस्तु अशी आहे कीं, ती जितकी चांगली तितकी तिची आठवण कमी. पुण्यांत राहणारा मनुष्य दिवसांतून चार वेळां लकडी पूल ओलांडतो. परंतु पेशवाईंत लांकडाचा असलेला तो पूल पुढें दगडी झाला आणि नांव मात्र जुनेंच राहिलें, हें त्याच्या मनांतहि येत नाहीं. खालीं मुठेला पाणी किती आहे याची चौकशी तो पावसाळ्याखेरीज करीत नाहीं. मीहि त्यांतलाच. पुलाखालीं नदी असते हें मला खऱ्या अर्थानें कळलें, तें सन २०१६ च्या हरितालिकेच्या दिवशीं.

आमचें मूळ घर चिपळूणच्या पलीकडे एका लहानशा नदीच्या कांठीं आहे. गणपतीची प्रतिष्ठापना घरांतील वडील माणसानें करावयाची, असा आमच्याकडील शिरस्ता. त्यामुळें चतुर्थीच्या आदले दिवशीं काकांना घेऊन आम्ही निघालों. मोटार मी चालवीत होतों. शेजारीं काका, आणि मागें आई, आत्या, माझी पत्नी व सात वर्षांचा मुलगा. तिघी बायकांचा कडकडीत उपास होता.

ताम्हिणी घाट उतरून माणगांवला महामार्गाला लागलों, तोंवर गप्पा चालल्या होत्या. महाड मागें पडलें आणि मोटारींत एकाएकीं शांतता पसरली. सावित्रीचा पूल जवळ आला होता. १९२८ सालीं बांधलेला तेथील दगडी कमानींचा पूल महिन्यापूर्वींच, २ ऑगस्टच्या रात्रीं, महापुरांत कोसळला होता. राज्य परिवहनाच्या दोन बसगाड्या माणसांसकट अंधारांत नदींत गेल्या. जवळच्या गॅरेजांतील एका कामगाराला तो भयंकर प्रकार दिसला, आणि मागून येणाऱ्या गाड्या थांबविण्यांत आल्या, म्हणून आणखी अनर्थ टळला. त्याच वर्षीं मे महिन्यांत पुलाची पाहणी झाली होती, असें सरकारतर्फें सांगण्यांत आलें. ज्या पुलाची कोणाला भीति वाटत नव्हती, तोच पडला!

शेजारच्या नव्या पुलावरून आम्ही सावकाश पलीकडे गेलों. नदी आली कीं पैसा टाकून नमस्कार करण्याची आत्याची जुनी संवय. त्या दिवशीं तिनें हात जोडले. पण पैसा मुठींतच राहिला. पुढें कशेडीचा घाट ओलांडून खेडला जगबुडी नदीच्या पुलावर आलों. सन २०१३ च्या मार्चांत याच पुलावरून एक खासगी बस खालीं कोसळली होती. काकांनीं मला पुढच्या लॉरीला ओलांडूं दिलें नाहीं. मला त्यांच्या सावधपणाचें मनांतून हसूंच आलें.

सायंकाळीं पांचाच्या सुमारास गांवच्या नदीवर पोंचलों. तेथें तेव्हां पूल म्हणजे फरशी होती. पाण्याला वाट मिळावी म्हणून खालीं नळ घातलेले, वर कॉंक्रीटचा थर, आणि दोहों कडांना पांढरे रंगविलेले दगड. अशा पुलाला कठडा नसतो, कारण पूर आला तर पाण्यानें त्याच्या डोक्यावरून जावें, अशीच त्याची योजना असते. त्या दिवशीं पाणी वरून चाललें होतें. पांढऱ्या दगडांचे नुसते शेंडे दिसत होते. पलीकडे आमच्या घराचें छप्पर दिसत होतें, आणि चुलत भाऊ फोनवर सांगत होता कीं मूर्ति घरीं येऊन पोंचली आहे.

इतक्यांत पलीकडून एक जीप पाणी उडवीत अलीकडे आली. मला तेवढें पुरे झालें. काका 'थांब' म्हणत होते; परंतु मीं मोटार पाण्यांत घातली. पुढचीं चाकें निम्मीं बुडालीं, आणि स्टिअरिंग हातांत हलकें लागूं लागलें. गाडीचा मागचा भाग किंचित् बाजूला सरकला; अगदीं वीतभर! आईनें नातवाला पोटाशीं धरलेलें मला आरशांत दिसलें.

"मागें घे," काका म्हणाले. आवाज चढलेला नव्हता.

मीं कशीबशी मोटार मागें घेतली. कांठावर आल्यावर माझे पाय लटपटत होते. तरीहि मीं म्हटलें, "काका, पाणी फार नव्हतें."

"अरे, पाणी किती आहे हें तुला दिसतें; पण त्याच्या खालीं रस्ता आहे कीं नाहीं, हें दिसतें का?"

मुहूर्ताचें कसें, म्हणून मीं आत्याकडे पाहिलें. ती म्हणाली, "मुहूर्त टळला तर गणपति क्षमा करील हो, नदी नाहीं करायची."

रात्र मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर काढली. डोंगरांतली नदी जशी झपाट्यानें चढते तशीच उतरते. पहांटे पाणी ओसरलें, तेव्हां गांवचा एक म्हातारा हातांत काठी घेऊन फरशीवरून चांचपीत निघाला. मध्यावर जाऊन तो थांबला आणि त्यानें हातानें खूण केली. डावीकडे दोन हात रुंद भगदाड पडलें होतें. पाण्यानें खालचा भराव आंतून कोरून नेला होता, आणि वरचा थर आधार नाहींसा होऊन खचला होता. जीप पलीकडून आली ती आपल्या डाव्या अंगानें, म्हणजे आमच्या उजवीकडून, म्हणून वांचली. माझें चाक नेमकें त्या भगदाडावरून जावयाचें होतें.

मोटार अलीकडेच ठेवून, एकमेकांचे हात धरून आम्ही पायीं पलीकडे गेलों. काकांनीं प्रतिष्ठापना केली. आरतीच्या वेळीं मला मान वर करवेना.

मागाहून मीं याविषयीं थोडें वाचलें. वाहतें पाणी फूटभर असलें तरी लहान मोटार उचलूं शकतें. दोन फूट असलें तर बहुतेक वाहनें वाहून जातात. पूल बहुधा वरून मोडत नाहीं. पाणी त्याच्या पायाजवळची वाळू व माती उकरून नेतें, आणि वरचा रस्ता अखेरपर्यंत शाबूत दिसतो. चालकाचे डोळे रस्त्यावर असतात; संकट त्याच्या खालीं असतें. म्हणूनच पाण्याखालचा पूल पाण्याबाहेर दिसेपर्यंत थांबणें, यांत भित्रेपणा नाहीं.

सावित्रीवर १६५ दिवसांत नवा पूल उभा राहून २०१७ च्या जूनमध्यें तो सुरू झाला. आमच्या नदीवरहि आतां उंच पूल आहे. काका आज नाहींत; प्रतिष्ठापना मी करतों. चतुर्थीच्या आदले दिवशीं नदी जवळ आली कीं मी मोटार अलीकडे बाजूला उभी करतों, आणि मुलाला घेऊन कांठापर्यंत उतरतों. खांबांच्या बुडाशीं वाळू गेल्या वर्षींइतकीच आहे ना, कोठें नवी चीर दिसते का, हें दोघे पाहतों. आम्ही कांहीं स्थापत्यशास्त्रज्ञ नव्हे. परंतु खालीं कोणीं तरी पाहावें लागतें, एवढें त्याला कळावें. मग तो वर येतो, आत्याआजीनें दिलेला पैसा पाण्यांत टाकतो, आणि आम्ही पलीकडे जातों.