शाखेचा निर्णय

अमरावती विद्यापीठाच्या व्यवसाय प्रशासन अभ्यासक्रमात वित्त, विपणन आणि मनुष्यबळ यांपैकी विशेष अध्ययनासाठी कशाची निवड करावी, याचा निर्णय सोयाबीनचा हंगाम ऐन भरात आला तरी माझ्याकडून होईना. १९९८ साली अकोल्यापासून विभक्त झालेल्या या वाशीम जिल्ह्यात कारखानदारी तुरळक, म्हणून मनुष्यबळाचा विचार मी लौकरच सोडला. विपणनाचे आकर्षण मात्र सुटत नव्हते.

आज काकांसमवेत बाजार समितीच्या आवारात गेलो. हर्रास सुरू होता. अडत्याने मूठभर दाणे यंत्रात टाकले, पडद्यावर ओलाव्याचा १४ हा आकडा उमटला आणि, हमीभावाच्या सरकारी खरेदीला १२ टक्क्यांची अट असल्याचे सर्वांस ठाऊक असल्यामुळे, बोली तत्काळ खाली आली. काका म्हणाले, "तू येवढं शिकून राह्यला, त सांग बाप्पा, आता इकू का ठेवू?"

जाहिरातशास्त्राचा एकही सिद्धांत तेथे उपयोगी नव्हता. राज्य कृषी पणन मंडळाच्या तारण योजनेत माल वाळवून वखारीत ठेवल्यास किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने १८० दिवसांकरिता मिळते, हे मी सांगितले खरे. परंतु व्याज वजा जाता भाव किती चढला म्हणजे थांबणे परवडेल, हा हिशेब हमालाच्या पाठीवरील पोते उतरेपर्यंत मला मांडता आला नाही. अर्जात वित्त लिहिले आहे. काकांनी निम्मा माल विकला.