दुसरा व चौथा रविवार

आमच्या घरातील दिनदर्शिकेवर दर महिन्याच्या दोन रविवारांभोवती तांबड्या पेन्सिलीची वर्तुळे काढलेली असतात. एकादशी किंवा संकष्टी पाळावी की न पाळावी, हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर असते. हे दोन दिवस मात्र पाळावेच लागतात, कारण ते न्यायालयाने नेमून दिलेले आहेत. ‘दुसरा व चौथा रविवार, सकाळी दहापासून सायंकाळी पाचपर्यंत’ अशी हुकूमनाम्यातील भाषा आहे. आमची कन्या व तिचे यजमान यांचा विवाह तीन वर्षांपूर्वी कायद्याने संपुष्टात आला. नात आईकडे, म्हणजे आमच्याकडे तुमसरला राहिली, आणि वडिलांच्या वाट्यास महिन्याचे हे दोन रविवार आले. त्या दिवशी मुलीला पोचविण्याचे व परत आणण्याचे काम आमच्याकडे आहे. दोघांनी समोरासमोर येऊ नये, एवढ्या एकाच मुद्द्यावर दोन्ही वकिलांचे प्रथमपासून एकमत होते.

ही देवघेव आंबागडच्या पायथ्याशी होते. आरंभी काही भेटी न्यायालयाच्या आवारात झाल्या. परंतु काळ्या कोटांच्या त्या गर्दीत मुलगी वडिलांजवळ जाऊन नुसती उभी राही. मग बसस्थानक झाले. तेथे बापलेकींना बोलायचे तर ओरडून बोलावे लागे. आमच्या घरी त्यांनी येऊ नये असे कन्येचे म्हणणे, आणि मुलीने खाणीच्या वसाहतीतील त्यांच्या खोलीवर जाऊ नये हेही तिचेच म्हणणे. शेवटी तोडगा मुलीनेच काढला. शाळेच्या सहलीत तिने हा किल्ला पाहिला होता. तुमसरहून मँगनीजच्या खाणींकडे जाताना थोडे आडबाजूस हा सातपुड्याचा फाटा लागतो. देवगडच्या बख्त बुलंदाचा सुभेदार राजा खान याने 1700 च्या सुमारास येथे किल्ला बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला व त्यांनी त्याचा तुरुंग केला. एवढी माहिती आम्ही मुलीला पहिल्याच दिवशी मोठ्या उत्साहाने दिली. तिने ती ऐकून घेतली आणि वडिलांची मोटारसायकल दिसताच धावत निघून गेली.

त्या गृहस्थांना आता काय म्हणावे, हा प्रश्न आम्हांस अजून सुटलेला नाही. मराठीत नात्यांच्या शब्दांची टंचाई नाही. साडू, व्याही, विहीणबाई, सगळ्यांची सोय पूर्वजांनी करून ठेवली आहे. परंतु जो जावई होता आणि आता नाही, त्याला शब्द नाही. ‘माजी’ हे विशेषण आमदार आणि सरपंच यांनाच शोभते. ते मात्र आम्हांस अजूनही पूर्वीप्रमाणे ‘मामाजी’ म्हणतात. पहिल्या भेटीत त्यांच्या तोंडून तो शब्द गेला तेव्हा आम्ही दोघेही क्षणभर गडाकडे पाहत राहिलो.

शब्द नाही, याचे एक कारण असे की ही गोष्टच आमच्यासारख्या घरांत नवी आहे. ज्या जातींना आमचे वाडवडील खालच्या म्हणत, त्यांच्यात काडीमोड पूर्वापार होती. पंचांसमक्ष काडी मोडली की दोघे मोकळे. त्या पंचांत बाईचे म्हणणे कितीसे ऐकले जात असेल याविषयी आम्हांस शंका आहे, म्हणून त्या रीतीचे गोडवे आम्ही गाणार नाही. पण निदान तेथे लग्न मोडू शकते हे सर्वांना ठाऊक होते. बडोद्यास 1931 साली आणि मुंबई इलाख्यात 1947 साली हिंदूंच्या घटस्फोटाचा कायदा झाला. आमचा भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात, त्यामुळे त्यांपैकी कोणताच येथवर पोचला नाही. पोचला तो 1955 चा हिंदू विवाह कायदा. आमच्या एका आत्याबाईंना नवऱ्याने टाकले होते. त्यांनी सारे आयुष्य माजघरात काढले व अखेरपर्यंत कुंकू लावले. त्यांची आठवण झाली म्हणजे हा कायदा झाला हे फार बरे झाले असे वाटते, आणि आमच्या मुलीला त्या माजघरात बसावे लागले नाही याबद्दल आम्ही त्याचे ऋणी आहोत.

तरी ज्याला मूल आहे त्याचा घटस्फोट एका कागदाने होत नाही, हे आम्हांस अनुभवाने कळले. परस्परसंमतीने वेगळे होण्याची सोय 1976 च्या दुरुस्तीने झाली आहे. वर्षभर वेगळे राहावे, अर्ज करावा, मग सहा महिने थांबून पुन्हा होकार द्यावा. ही सहा महिन्यांची अट योग्य प्रकरणी न्यायालयास शिथिल करता येते असे 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. कन्या व जावई (लिहिताना हाच शब्द येतो, त्यास इलाज नाही) ‘आपले जमत नाही’ यावर एका दुपारी एकमत झाले. मुलीवर एकमत व्हायला चौदा महिने लागले. 1956 च्या कायद्याप्रमाणे पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावे. मुलगी तेव्हा साडेचार वर्षांची. आमच्या वकिलांनी सांगितले, ‘पाच पुरी व्हायच्या आत आटपलेले बरे.’ तिचा पाचवा वाढदिवस जवळ येऊ लागला तसतशी आमच्या पोटात धास्ती बसू लागली. नातीचा वाढदिवस पुढे ढकलता आला तर बरे, असा विचार करणारा आजोबा आमच्याखेरीज दुसरा कोणी असेल तर त्यास भेटण्याची आम्हांस इच्छा आहे. पाच वर्षे झाली म्हणून मूल आपोआप बापाकडे जाते असे मुळीच नाही, मुलाचे हित हीच 1890 च्या पालकत्वाच्या कायद्यापासूनची कसोटी आहे, हे आम्हांस पुढे कळले. पण त्या दिवसांत घरी शिरा झाला तो कोणाच्याच घशाखाली उतरला नाही.

कोर्टातील एक शब्द आमच्या कानास अजून टोचतो. मुलाचा ‘ताबा’. शेताचा ताबा, घराचा ताबा, तसाच मुलाचा. योगायोग असा की याच विदर्भातील एका खटल्यात शेत आणि मूल दोन्ही एकत्र आली होती. जिजाबाई गजरे यांच्या लहानपणी त्यांच्या आईने त्यांची जमीन पट्ट्याने दिली. आईबाप वीस वर्षांवर वेगळे राहत होते, बाप हयात होता, पण मुलीकडे पाहत नव्हता. मग बाप जिवंत असता आईने पालक म्हणून केलेला व्यवहार खरा कसा, असा प्रश्न आला. कायद्यात तर नैसर्गिक पालक ‘बाप, आणि त्याच्यानंतर आई’. सर्वोच्च न्यायालयाने 1970 साली सांगितले की जो बाप असून नसल्यासारखा, त्याच्या ठिकाणी आईच पालक. पुढे 1999 साली गीता हरिहरन यांच्या प्रकरणात ‘त्याच्यानंतर’ याचा अर्थ ‘त्याच्या मृत्यूनंतर’ एवढाच नव्हे, ‘त्याच्या अभावी’ असाही होतो, असे न्यायालयाने ठरविले. हे निकाल आम्ही चष्मा पुसून पुसून वाचले, आणि खरे सांगायचे तर त्यांत शोधीत होतो ते आपल्या बाजूचे एखादे वाक्य. ते मिळाले नाही. आमच्या नातीचा बाप असून नसल्यासारखा नव्हता. तो दर दुसऱ्या व चौथ्या रविवारी दहाला पाच मिनिटे असताना गडाखाली उभा असे.

पैशाची बाब आम्ही थोडक्यात आटोपतो, कारण तीत आम्हांस तक्रारीस जागा नाही. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली असे ठरवून दिले की पोटगीच्या दाव्यात दोघांनीही आपली मिळकत व देणी प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावीत. त्यामुळे ‘माझ्याजवळ काही नाही’ हे म्हणणे अवघड झाले. मुलीच्या खर्चाची रक्कम दर महिन्याला वेळेवर जमा होते. अडचण होते ती लहानसहान कागदांची. शाळेत सहलीच्या परवानगीवर सही कोणाची? प्रगतिपुस्तक आधी कोणी पाहायचे? महाराष्ट्रात 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नावही लिहावे लागते. आमची नात त्याआधीची, तिच्या नावात केवळ वडिलांचे. एकदा तिने वहीवर आपले नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आमचे, असे चौघांचे लिहिले व विचारले, ‘आबा, एवढं मोठं नाव चालतं का?’ आम्ही म्हणालो, वहीवर चालते.

आता जे सांगण्यासाठी लेखणी हातात घेतली ते सांगतो. गेल्या श्रावणात चौथ्या रविवारी आमच्या नात्यातील एक साखरपुडा होता. सर्व मंडळी जमणार, नातीला नवा परकर-पोलका शिवलेला. ‘एक रविवार गेला तर काय होते?’ असे घरात कोणीतरी म्हणाले. ते कोणीतरी आम्हीच होतो. शनिवारी रात्री आम्ही मोबाइलवरून निरोप धाडला, ‘मुलीला ताप आहे, उद्या येता येणार नाही.’ आयुष्यभर शाळेत ‘खोटे बोलू नये’ हे फळ्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिणारा मनुष्य हा. पाठोपाठ त्यांचा प्रश्न आला, कोणत्या डॉक्टरांना दाखविले? त्याचे उत्तर आम्ही दिले नाही. मुलगी जवळच बसून हे ऐकत होती. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘आबा, मला ताप सकाळी येणार की दुपारी?’ आणि फोन पुन्हा वाजला तेव्हा ती आपण होऊन अंथरुणावर जाऊन पडली व पांघरूण डोक्यावरून ओढून घेतले. आम्ही तिला तसे सांगितले नव्हते. सांगावे लागले नाही, हेच.

पुढच्या भेटीत गडाखाली वडिलांनी तिच्या कपाळाला हात लावून विचारले, ‘ताप उतरला ना?’ तिने आमच्याकडे पाहिले. मग म्हणाली, ‘हो.’ आठ वर्षांच्या मुलीने बापापाशी खोटे सांगितले, आणि तेही आमची अब्रू राखण्यासाठी.

त्या दिवशी आम्ही परत न जाता त्यांच्याबरोबर गड चढलो. वर आतल्या विहिरीशी आलो तेव्हा मुलीने तिची गोष्ट विचारली. गोष्ट अशी की भोसल्यांच्या काळी येथे कोंडलेल्या कैद्यांना या विहिरीचे विषारी पाणी पाजीत व त्याने ते मरत. आम्ही ती सांगितली.

‘पाणी वाईट आहे हे त्यांना माहीत होतं?’

‘असेल.’

‘मग प्यायचे कशाला?’

‘दुसरं पाणी कोण देणार त्यांना?’

तिने ओंजळीएवढा दगड आत टाकला व आवाज येईपर्यंत कान लावून उभी राहिली. मग पुढे तटाकडे पळाली. ती जरा दूर गेल्यावर आम्ही तिच्या वडिलांना तापाची हकीकत जशी घडली तशी सांगितली. ते खाली बसले. म्हणाले, ‘मला ठाऊक होतं, मामाजी. त्या दिवशी मी औषध घेऊन तुमसरला आलो होतो. कार्यालयाच्या दारात ती नवे कपडे घालून फुगा फुगवीत होती. वकील म्हणाले, हुकूम मोडला म्हणून अर्ज देऊ. नको म्हटलं.’ बराच वेळ ते बोलले नाहीत. नंतर त्यांनीच सांगितले की तेही तिला एकदा म्हणाले होते, ‘मोठी झालीस की माझ्याकडेच राहायला ये, पण हे आईला सांगू नकोस.’ म्हणजे तिच्या पोटात आमची एक आणि त्यांची एक अशा दोन गोष्टी होत्या, आणि कोणाची कोणाला सांगायची नाही याचा हिशेब ती बिचारी एकटी ठेवीत होती. मुलाचे मन एका पालकाविरुद्ध कलुषित करणे हा त्या मुलाचाच छळ आहे, अशा अर्थाचे विवेचन सर्वोच्च न्यायालयाने 2017 च्या एका निकालात केले आहे. ते आम्ही वाचले होते, आणि वाचताना आमच्या डोळ्यांसमोर होते ते त्यांचेच घर.

घरी येऊन हे कन्येस सांगितले तेव्हा वाटले होते की तिला बरे वाटेल. ती संतापली. ‘बाबा, तुम्ही कबूल केलंत? उद्या हे कोर्टात येईल.’ तिची भीती अकारण नव्हती. मुलांविषयीचे हुकूम विवाह संपल्यानंतरही बदलता येतात. 1955 च्या कायद्याच्या 26 व्या कलमात तशी तरतूद आहे, आणि तिच्याच आधारे वडिलांनी आता उन्हाळ्याची अर्धी सुटी मागितली आहे. आमच्या तोंडची कबुली त्या अर्जाला कितपत बळ देईल हे वकील जाणोत. अद्याप तरी त्यांनी ती तेथे लिहिलेली नाही.

त्या अर्जाला उत्तर म्हणून आमचे प्रतिज्ञापत्र हवे आहे. मसुदा मागच्या आठवड्यात आला. पहिल्या दोन परिच्छेदांत आमचे वय, निवृत्तीपूर्वीचा व्यवसाय, नातीचा सांभाळ, हे सर्व खरे आहे. तिसऱ्यात लिहिले आहे की मुलगी वडिलांकडे जाण्यास नाखूश असते व गेल्या पावसाळ्यात तापामुळे एक भेट होऊ शकली नाही. मसुदा टेबलावर आहे. उद्या दुसरा रविवार. आमची नात स्वयंपाकघरात आपली पाण्याची बाटली भरते आहे. गडावर चढताना वडिलांना धाप लागते म्हणून हल्ली ती दोन बाटल्या नेते. तिसऱ्या परिच्छेदावर आम्ही उभी-आडवी रेघ मारून ठेवली आहे. कन्येने तो कागद अजून पाहिलेला नाही.