बंद करण्याचे कारण लिहा

सार्वजनिक वाचनालयाचा कार्यवाह व्हायला वाचनाची आवड लागते, असा एक गैरसमज आहे. प्रत्यक्षात लागते ती खुर्च्या मोजण्याची आवड. मी अकरा वर्षं खुर्च्या मोजत आलो. तेव्हा पुस्तकांची यादी आणि सभासदांची खाती संगणकावर न्यायचं ठरलं, त्या वेळी 'सर्व्हर कुठल्या प्रणालीवर चालवायचा' हा प्रश्न माझ्या पानात पडेल असं वाटलं नव्हतं. सर्व्हर म्हणजे वाढपी, एवढंच माझं ज्ञान. ते अगदीच चूक नव्हतं म्हणा. बाकीचे संगणक पंगतीला बसतात आणि हा एकटा न दमता वाढत राहतो. त्याला कामाला जुंपते ती ऑपरेटिंग सिस्टिम.

कार्यकारिणीत लगेच दोन तट पडले. खजिनदारांचा पुतण्या विंडोज सर्व्हरचा, तर उपाध्यक्षांची भाची लिनक्सची, त्यातही डेबियनची. दोघांचा दावा मात्र एकच : "काका, आमचं कध्धी पडत नाही!"

"आणि वापरायला सोपं कुठलं?" मी विचारलं.

"विंडोज!" पुतण्या म्हणाला. "सगळं डोळ्यांसमोर दिसतं."

"दिसतं, पण कुठं दिसतं ते दर आवृत्तीत नव्यानं शोधायचं," भाची म्हणाली. "2012 च्या आवृत्तीत तर स्टार्टचं बटणच काढून टाकलं होतं. लोकांनी ओरड केली तेव्हा पुढच्या आवृत्तीत आणून बसवलं."

"तुमच्या काळ्या पडद्यावर काढायलासुद्धा बटण नाही!"

शेवटी मराठी सभेत निघतो तोच तोडगा निघाला. दोन्ही ठेवून बघायचं. विंडोज सर्व्हर 180 दिवस चाचणीसाठी फुकट मिळतो आणि डेबियन 1993 पासून कायमचाच फुकट आहे, हे कळल्यावर खजिनदारांनी ठरावाला मनापासून अनुमोदन दिलं. डेबियनवाले आपल्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' चित्रपटातल्या पात्रांची नावं देतात. आम्हाला मिळालेल्या 2023 च्या आवृत्तीचं नाव 'बुकवर्म', म्हणजे पुस्तकी किडा. हा वाचनालयाला शुभशकुन आहे, असं उपाध्यक्षांनी इतिवृत्तात नोंदवून घेतलं.

2024 च्या एप्रिलात दोन संगणक एकाच टेबलावर मांडले आणि माझी शिकवणी सुरू झाली. विंडोजचा स्वभाव आग्रही यजमानाचा. खात्री आहे ना? नक्की ना? बंद करायला गेलो तर खिडकी उघडून विचारतो, 'कारण लिहा.' मला आमच्या कचेरीतले हेडक्लार्क आठवले. किरकोळ रजेलासुद्धा त्यांना कारण लागायचं. लिनक्सचं उलट. हुकूम बरोबर असेल तर तो मुकाट्यानं काम करतो आणि एक अक्षर बोलत नाही. पहिले दोन दिवस मला वाटलं, रागावलाय. "काही बोलला नाही म्हणजे काम झालं, काका," भाचीनं समजावलं. आमच्या घरात नेमका उलटा नियम असल्यामुळे मला सवय व्हायला वेळ लागला. पुसून टाक म्हटलं की तो पुसून टाकतो. विचारबिचार काही नाही.

न थांबता किती दिवस चालतोय हे लिनक्स एका शब्दात सांगतो. तो आकडा मी रोज सकाळी रक्तदाबासारखा बघू लागलो. साठाव्या दिवशी भाचीनं सुरक्षिततेची दुरुस्ती बसवायला तो बंद करून पुन्हा चालू केला, आणि आकडा शून्यावर! मी हळहळलो.

"काका, अंघोळ न करता किती दिवस काढले, हा काय सांगायचा विक्रम आहे?"

विंडोजच्या दुरुस्त्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. अंघोळ त्यालाही चुकली नव्हती. भाचीनं आणखी एक गोष्ट सांगितली. डेबियनमध्ये 'स्टेबल' म्हणजे न पडणारा असं नव्हे, तर न बदलणारा. एकदा आवृत्ती निघाली की फक्त डागडुजी, नवे लाड पुढच्या आवृत्तीत. ही व्याख्या मला वैयक्तिकरीत्या फार आवडली. तिच्यात मी बसतो.

पाच महिने दोघांपैकी कोणीही आपण होऊन पडला नाही. आणि गणपतीतल्या शनिवारी, काउंटरपुढे रांग असताना, दोघेही एकाच क्षणी गेले.

पुतण्यानं विजयी मुद्रेनं भाचीकडे बघितलं. त्याच मुद्रेनं तिनं त्याच्याकडे. मग दोघांनी एकमेकांचे पडदे बघितले. ग्रंथपाल बाईंनी कोणाकडेच बघितलं नाही. खणातून जुनी नोंदवही काढली, पेन्सिलीला टोक केलं आणि म्हणाल्या, "पुढे या." रांग जागची हलली नाही.

कारण शिपायानं शोधलं. कपाटामागचा यूपीएसचा प्लग निघाला होता आणि तिथं मखराच्या दिव्यांची माळ लावलेली होती. यूपीएसनं जीव जाईपर्यंत कुईकुई केली असणार. पण माळा वाजणाऱ्या होत्या. ज्यानं लावल्या त्याला ते माळेचंच संगीत वाटलं.

तो मी होतो.

नुकसान काही झालं नाही. आधी रोजकीर्द लिहायची आणि मग खतावणी करायची, ही आपल्या पेढ्यांची शिस्त दोन्ही प्रणाली पाळतात. त्यामुळे अर्धवट राहिलेला हिशेब त्या उठल्याबरोबर जुळवून घेतात. विंडोजनं मात्र खिडकी उघडली : 'अचानक का बंद झालो? कारण लिहा.' मी 'वीजपुरवठा खंडित' असं लिहिलं. खोटं नव्हतं ते. बाईंनी चष्म्यावरून एकदा बघितलं. मी ते खोडलं आणि लिहिलं, 'कार्यवाहांनी प्लग काढला.' लिनक्सनं काहीच विचारलं नाही, म्हणून मला हायसं वाटलं. तेवढ्यात भाचीनं एक शब्द टंकला आणि पडद्यावर 'क्रॅश' उमटलं. बोलत नव्हता, पण लिहून ठेवत होता.

शेवटी डेबियन राहिला. पडत नाही म्हणून नव्हे. पडत तर दुसराही नव्हता. 180 दिवसांनंतरच्या परवान्याचा आकडा खजिनदारांना झेपला नाही, आणि भाचीनं सगळे हुकूम शंभर पानी वहीत मराठीतून लिहून दिले. सोपी प्रणाली म्हणजे जिची वही हाताशी आहे ती, असं माझं मत झालं. बाईंची नोंदवही आणि पेन्सिल खणात अजून तयार असते.

कपाटामागे मी स्वहस्ते पाटी लावली : 'हा प्लग काढू नये. — कार्यवाह.' दुसऱ्या दिवशी तिच्याखाली पेन्सिलीनं, बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती : 'काढल्यास कारण लिहावे.'