बांधावरून चालताना

यंदाच्या वर्षावासातला एक रविवार. आमच्या कोडोलीत पहाटेपासून पावसाची रिपरिप चालू होती. मी छत्री घेतली आणि बालमित्राच्या दारात जाऊन उभा राहिलो. वर्षभर त्या दारात पाय ठेवला नव्हता.

"जयभीम. पावसातच आलास व्हय?" तो म्हणाला.

"पोहाळ्याची लेणी बघायला जाऊ म्हणतो. येतोस?"

त्याने खताच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेतली आणि निघाला.

अबोल्याचे कारण सांगितले पाहिजे. गेल्या वर्षी तो म्हाताऱ्या आईला घेऊन जोतिबाच्या डोंगरावर गेला होता. मला ते कळले. पुढच्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर मी उभा राहिलो आणि सर्वांदेखत विचारले, "बावीस प्रतिज्ञा पाठ आहेत ना? मग डोंगरावर कुणाच्या पाया पडायला गेला होतास?" त्याची आई मागे बायकांत बसली होती. त्या दिवसापासून दोघेही विहारात यायचे बंद झाले. मी मात्र समाजकार्य केल्याच्या समाधानात होतो.

थोडी वाट एस.टी.ने आणि पुढची पायी. शिवारात भाताची लागण चालली होती. बायका चिखलात वाकून रोपे लावत होत्या. वाट वाचवायला मी वावरात शिरलो, तसा मित्र ओरडला, "आरं, बांधावरनं ये! तुझ्या एका पावलात चार रोपं जातील."

पोहाळ्याची लेणी जोतिबाच्या डोंगराजवळच आहेत. पोचलो तेव्हा दोघेही चिंब झालो होतो. कातळात कोरलेला विहार, आत दगडी खांब, भोवती भिक्खूंच्या लहान लहान खोल्या. बाहेर पाऊस, आत शांतता. सवयीप्रमाणे मी सांगू लागलो, "भिक्खू पूर्वी पावसाळ्यातही चारिका करीत. लोक तक्रार करू लागले, की हे श्रमण हिरवे गवत तुडवतात, बारीक जीव चिरडतात. पाखरेसुद्धा पावसाळ्यात घरटे करून राहतात. तथागतांनी लोकांवर राग धरला नाही. त्यांचे म्हणणे ऐकले आणि तीन महिने एका जागी राहण्याचा नियम केला."

मित्र टॉवेल पिळत म्हणाला, "म्हंजे धम्म सांगत फिरणाऱ्याच्या पायाखाली बी काय तरी तुडवलं जातं."

मी गप्प झालो. मग तोच बोलला, "प्रतिज्ञा मला पाठ हाईत. डोंगरावर मी हात जोडलं न्हाईत. आईला आता नीट दिसत न्हाई. ल्हानपणी ती तिच्या आईसंगं गेलेली. म्हणाली, एकदा तेवढा डोंगर दाव. हाताला धरून नेली. तू मला एकट्याला इचारलं असतंस तर सांगितलं असतं. पर तू आईदेखत बोललास. ती म्हणती, माझ्यापायी लेकराची मान खाली गेली."

बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या पाळल्याच पाहिजेत. त्यात तसूभरही सवलत मी मागत नाही. परंतु त्या माणसाची मान ताठ व्हावी म्हणून दिल्या, खाली जावी म्हणून नव्हे. सम्यक वाचेत खोटे न बोलणे येते, तसेच कठोर न बोलणेही येते. मी तर खरे काय ते विचारलेसुद्धा नव्हते.

परतताना त्याच्या घरी गेलो. "मावशी, माझं चुकलं," म्हणालो. त्यांनी आवाजावरून ओळखले. "भिजलास न्हवं? आदी च्या घे," एवढेच म्हणाल्या.

वर्षावासाच्या शेवटी प्रवारणा असते. प्रत्येक भिक्खू, अगदी ज्येष्ठसुद्धा, संघाला विनंती करतो, की माझा दोष पाहिला असेल, ऐकला असेल किंवा शंका आली असेल तर सांगा. आपण कार्यकर्ते दुसऱ्यांचे दोष सांगण्यात पटाईत. स्वतःचा दोष किती जण विचारतो?

पुढच्या रविवारी विहारात मी त्याच जागी उभा राहिलो आणि त्याच माणसांसमोर माझी चूक कबूल केली. मित्र आला होता. मावशी अजून आलेल्या नाहीत. आश्विन पौर्णिमेला अवकाश आहे. तोवर दर रविवारी वंदनेआधी मी त्यांच्या दारात जाऊन उभा राहणार आहे.

जयभीम!