‘सेव्ह’ केलं, पण जपलं का?

रविवारची दुपार. मस्त जेवून आडवा झालो होतो, तेवढ्यात सरांच्या मुलीचा फोन.
“अरे, पप्पांची ती दोन व्हायोलिनची ट्यून तुझ्याकडे आहे ना? वर्षश्राद्धाच्या प्रार्थनेला वाजवायचीय.”
“आहे की ताई! कॉम्प्युटरवर आहे.” मी एकदम कॉन्फिडंट!

सर मूळचे म्हापशाचे. पुण्यात कॅम्पातल्या दोन खोल्यांत व्हायोलिन शिकवायचे. स्वतः रचलेली ट्यून त्यांनी कधी कागदावर उतरवलीच नव्हती. २००५मध्ये मला पहिली नोकरी लागली. पैसे साठवून पीसी घेतला आणि त्यावर ‘फिनाले २००५’ हे नोटेशनचं सॉफ्टवेअर टाकलं. सर व्हायोलिनवर वाजवायचे, मी माउसने एकेक स्वर टिपायचो. “इथे बो वर, बाबा, खाली नको,” असं सांगत ते चहा प्यायचे. बत्तीस बार लिहायला आम्हाला चार रविवार लागले.

तेव्हाच एक गंमत झाली होती. मुंबईच्या मित्राला फाईल पाठवली, तर त्याच्याकडे फिनालेचं २००४चं व्हर्जन. नव्या व्हर्जनची फाईल जुन्यात उघडेना! सर हसून म्हणाले, “कागद कसा कुठेही उघडतो बघ.” आम्ही जोक म्हणून सोडून दिलं.

तर, फोन ठेवला आणि जुनी हार्ड डिस्क काढली. फाईल सापडली. शेवटी ‘.मस’ लिहिलेलं. डबल क्लिक... काही नाही. माझ्या नव्या लॅपटॉपवर फिनाले नव्हतंच, आणि हल्ली वापरतो त्या फुकटच्या सॉफ्टवेअरने ती फाईल ओळखलीच नाही. बत्तीस बार डोळ्यांसमोर आहेत, पण वाचता येत नाहीत. ताईला काय सांगू?

नवं फिनाले विकत घ्यावं म्हटलं, तर तीही सोय नाही. १९८८मध्ये आलेल्या या सॉफ्टवेअरचं काम थांबवत असल्याचं कंपनीने २६ ऑगस्ट २०२४ला जाहीर केलं. मधे, २०१४च्या व्हर्जनपासून, फाईलचा प्रकारही बदलला होता. ‘.मस’ची ‘.मसएक्स’ झाली.

शेवटी तोच मुंबईचा मित्र धावून आला. त्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर फिनालेचं शेवटचं, २७वं व्हर्जन अजून चालू होतं. जुन्या फाईल्स ते उघडतं. त्याने ट्यून उघडली आणि ‘म्युझिकएक्सएमएल’मध्ये काढून पाठवली. हा कुणा एका सॉफ्टवेअरच्या मालकीचा नसलेला फॉरमॅट. त्याचं पहिलं व्हर्जन २००४मध्ये आलं, आणि आज नोटेशनची बहुतेक सॉफ्टवेअर्स तो वाचतात. खरा चटका पुढेच बसला. माझ्या २००५च्या फिनालेतही तो पर्याय मेनूत होता. मीच कधी क्लिक केलं नाही. फाईल ‘सेव्ह’ झाली ना, मग बस्स!

स्वर सगळे आले. पण पानाची मांडणी विस्कटली होती, आणि बोच्या काही खुणा गायब. ताईला बोलावलं. ती व्हायोलिन घेऊनच आली. वाजवता वाजवता अठराव्या बारपाशी थांबली. “इथे पप्पा बो उचलायचे. अगदी थोडा वेळ. श्वास घेतल्यासारखं.” मी तिथे खूण केली. तो श्वास कुठल्याच फाईलमध्ये नव्हता. तिच्या हातात होता.

आता ट्यून तीन ठिकाणी आहे. म्युझिकएक्सएमएल, पीडीएफ आणि चांगल्या कागदावरची प्रिंट. ती प्रिंट ताईने सरांच्या व्हायोलिनच्या केसमध्ये ठेवलीय.

तुमच्याही एखाद्या जुन्या सीडीत, पेन ड्राइव्हमध्ये असं काहीतरी पडलं असेलच. कॉलेजच्या बँडचं गाणं, आजीच्या रेसिपीज, पहिली कविता. ज्यात ते बनवलं ते सॉफ्टवेअर चालतंय, तोवरच उघडून बघा. साध्या, कुठेही चालणाऱ्या फॉरमॅटमध्ये एक कॉपी काढा. आणि खरंच जिवाभावाचं असेल, तर प्रिंट मारा बॉस!

सर म्हणायचे ते खरंच होतं. कागद कुठेही उघडतो.