साताऱ्याचे गोणपाट आणि आमचा वर्गनिधी

बाबासाहेब जिथे इंग्रजी पहिलीत शिकले ती साताऱ्याची शाळा एकदा डोळ्यांनी पाहावी, अशी फार दिवसांची इच्छा होती. कचेरी आणि चळवळ यांच्या धावपळीत ते राहून जात होते. अखेर ७ नोव्हेंबरला जमले. १९०० साली याच तारखेला बाबासाहेबांचे नाव त्या शाळेत दाखल झाले. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

जाण्याला आणखी एक कारण होते. जयंतीच्या वर्गणीतून आमच्या वस्तीच्या समितीकडे बेचाळीस हजार रुपये शिल्लक होते. तरुणांचे म्हणणे, वस्तीच्या तोंडाशी लोखंडी कमान उभारू. नेमका त्याच आठवड्यात आमच्या पालिकेच्या शाळेतील विज्ञानाच्या बाईंचा अर्ज आला. 'प्रयोगाची चित्रे पुस्तकात आहेत, वस्तू वर्गात नाहीत. मुले प्रयोग पाठ करतात. काही मदत होईल का?' बैठकीत आवाज चढले. "शाळा सरकारची, पैसा सरकारने द्यावा," असे एक तरुण म्हणाला. त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. निर्णय झाला नाही. मी म्हटले, आधी साताऱ्याला जाऊन येऊ, मग बोलू.

स्वारगेटहून सकाळची एसटी पकडली. आम्ही सातजण होतो. चार तरुण, महिला मंडळाच्या दोघी आणि मी. भाकरी-चटणीची फडकी बरोबर होती. खंबाटकी ओलांडली, पुढे अजिंक्यतारा दिसू लागला आणि गाडीतल्या गप्पा आपोआप थांबल्या.

बाबासाहेबांच्या वेळचे ते सरकारी हायस्कूल राजवाड्यात भरत असे. आज ते छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल या नावाने ओळखले जाते आणि जिल्हा परिषदेकडे आहे. ज्या नोंदवहीत बाबासाहेबांचे नाव आहे तिच्या पानाची छायाप्रत आम्ही पाहिली. अनुक्रमांक १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर. मी कारकून माणूस. आयुष्य नोंदवह्यांत गेले. पण एका ओळीपुढे हात जोडावेसे वाटले ते त्याच दिवशी.

तिथेच मी तरुणांना त्या काळची हकिकत सांगितली. शाळेत प्रवेश तर मिळाला होता. पण इतर मुलांबरोबर बसायला मनाई. अंगाखालचे गोणपाट भिवाने घरून आणायचे आणि शाळा सुटली की घरी न्यायचे, कारण ते झाडणारा गडीसुद्धा शिवत नसे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतायचे. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. शाळेचे दार उघडे होते, फी घेतली जात होती, हजेरीही लागत होती. पण वर्गात त्या लेकराच्या वाट्याला काय येत होते?

कमानीसाठी सर्वांत मोठ्याने बोलणारा तरुण बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, आपल्या पोरांना आज बाक आहे, नळ आहे. पण बाईंच्या वर्गात कपाट रिकामंच आहे की."

दुपारी कर्मवीर भाऊराव पाटलांच्या समाधीकडे गेलो. भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापली. १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली. त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. मुलांच्या पोटाला कमी पडू लागले तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवले नाही. गावोगावी आयाबाया दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढीत. तो मूठफंड. स्वातंत्र्यानंतर काही काळ सरकारी अनुदान थांबले, तेव्हाही लोकांच्या मदतीवर शाळा चालू राहिल्या. महिला मंडळाच्या ताई म्हणाल्या, "भाऊ, मूठ आपल्याकडे पण हाय. ती कुठं उघडायची तेवढं ठरवा."

परतीच्या एसटीत आम्ही तेच ठरवत आलो. पुढच्या बैठकीत एकमत झाले असे म्हणणार नाही. दोघे रुसले, एकाने समिती सोडली. पण वर्गनिधी सुरू झाला आणि पहिले अठरा हजार रुपये शाळेसाठी ठेवले.

आम्ही नियम केले, कारण पूर्वी एकदा हात पोळले होते. दुसऱ्या एका शाळेला संगणक दिला होता. हार घातला, फोटो काढला. वर्षाने पाहतो तर त्यावरचे प्लास्टिक तसेच! म्हणून आता अर्ज वर्गावरच्या शिक्षकानेच करायचा, एका पानात. वस्तू कोणती, कोणत्या इयत्तेला, किती मुले हाताळणार, हे लिहायचे. रोख रक्कम द्यायची नाही. चेक दुकानदाराच्या नावे, पावती फाईलला. वस्तूची नोंद शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरला झालीच पाहिजे. आणि सहा महिन्यांनी दोन आयांनी वर्गात जाऊन पाहून यायचे.

त्या तरुणाचा प्रश्नही आम्ही विसरलो नाही. शिक्षक, छप्पर, पाणी, मुताऱ्या ही सरकारची जबाबदारी आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ती बांधून दिली आहे. त्यासाठी अर्ज करू, वेळ पडली तर मोर्चा काढू. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण हिस्सा पालकांचा ठेवला आहे. तिथे बसून शाळेला आलेल्या अनुदानाचा हिशेब विचारू. आमची मूठ सरकारला सुटका देण्यासाठी नाही. बाईंच्या मनात एखादा धडा चांगला शिकवायचा असतो आणि चारशे रुपयांच्या वस्तूवाचून तो अडतो, तेवढ्यासाठी ती आहे.

सहा महिन्यांनी आया शाळेत गेल्या. मीही कोपऱ्यात उभा होतो. बाईंनी कांद्याचा पातळ पापुद्रा काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शक लावला होता. मुले रांगेने डोळा लावत होती. आमच्यातल्या एक ताई बांधकामावर बिगारी काम करतात, शाळा दुसरीत सुटलेली. मुलीने हाताला धरून त्यांना पुढे नेले. ताई वाकल्या, एक डोळा मिटून बराच वेळ पाहत राहिल्या. "अगं, ह्या तर रचलेल्या विटाच!"

बाई म्हणाल्या, "बरोबर. त्यालाच पेशी म्हणतात. आता मीही मुलांना असंच सांगेन." मुलीच्या तोंडावर जे समाधान दिसले ते कोणत्याही कमानीवर लिहिता येणार नाही.

बंधू-भगिनींनो, जयंती जरूर थाटात करा. पण हिशेब लिहिताना एक रकाना वर्गासाठी ठेवा, रक्कम पाचशे असो की पाच हजार. भिवाला गोणपाट घरून न्यावे लागले होते. आपल्या घरून शाळेत काय जावे, हे आज आपण ठरवू शकतो.

जयभीम.